विजापूरसाठी दोन दिवस : आधी इब्राहिम रोजा, मग गोलघुमट

प्रश्न असा आहे : पुण्यातील एक कुटुंब, पतिपत्नी, नऊ आणि चौदा वर्षांची दोन मुले आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या बहात्तर वर्षांच्या आजी, स्वतःच्या गाडीने विजापूरला जाऊ इच्छिते. हाताशी दोन दिवस आणि एक रात्र आहे. गोलघुमट पाहिला की विजापूर संपते, अर्धा दिवस पुरे, असे त्यांना अनेकांनी सांगितले आहे. ते खरे आहे का, आजींना काय झेपेल, मार्गदर्शक घ्यावा का आणि मुलांनी शाळेत शिकलेल्या इतिहासाशी या शहराची सांगड कशी घालावी, असे त्यांनी विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी अभ्याससहली घेऊन विजापूरला जात आहे. पहिली काही वर्षे मीही सर्वांप्रमाणे थेट गोलघुमटापाशी गाडी थांबवत असे, आणि दर वेळी एकच अनुभव येई. दुपारच्या उन्हात सात मजले चढून उतरलेली मंडळी इतकी थकलेली असत की पुढच्या प्रत्येक इमारतीपाशी ‘आता अजून किती?’ एवढाच प्रश्न उरे. शहराच्या पश्चिम टोकाला असलेला इब्राहिम रोजा, जो माझ्या मते विजापुरातील सर्वांत सुंदर इमारत आहे, तो संध्याकाळी घाईघाईत, निम्म्या मंडळींना गाडीतच बसवून पाहावा लागे. पुढे मी क्रम उलटा केला आणि तो आजतागायत बदललेला नाही. पहिल्या दिवशी दुपारनंतर पश्चिमेकडचे विजापूर पाहावे, दुसऱ्या दिवशी पहाटे गोलघुमट आणि त्यानंतर मधले शहर. हा क्रम उन्हाच्या आणि गर्दीच्या दृष्टीने सोयीचा आहेच, पण तो काळाच्या क्रमानेही जातो. रोजा ही इब्राहिम आदिलशहा दुसरा याची कबर आणि गोलघुमट ही त्याचा मुलगा महंमद आदिलशहा याची. रोजा १६२७ च्या सुमारास पूर्ण झाला आणि गोलघुमटाचे काम १६५६ मध्ये थांबले. बापाची इमारत आधी पाहिली म्हणजे मुलाने एवढा अवाढव्य घुमट का उभारला असेल, हे न सांगता कळू लागते.

प्रवासाबद्दल थोडक्यात. सोलापूरमार्गे गेल्यास पुण्याहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते, त्यांपैकी सोलापूरनंतरचे साधारण शंभर. पहाटे साडेपाचला निघालात तर दुपारी बाराएकपर्यंत मुक्कामी पोहोचाल. शहराचे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुर असे आहे आणि पाट्यांवर तेच दिसते. फोनवरच्या नकाशात मात्र हे नाव टाकताना जिल्हा तपासून घ्यावा, कारण बंगळूरजवळ देवनहळ्ळी तालुक्यातही याच नावाचे गाव आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आजींना घेऊन जाऊ नये. पावसाळ्यात फारसा त्रास होत नाही, कारण हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची जत्रा असते. ती पाहायची नसेल तर ते दिवस टाळावेत, कारण राहायला जागा मिळणे कठीण होते.

सामानात एक वस्तू आवर्जून घ्यावी, ती म्हणजे प्रत्येकासाठी जाड पायमोज्यांचे दोन जोड. बहुतेक कबरी आणि मशिदींत पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि मोकळ्या चौथऱ्यांचा काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. ही सूचना ऐकून लोक हसतात आणि तिथे पोहोचल्यावर माझ्याकडे जादा मोजे मागतात.

पहिल्या दिवशी जेवण आणि थोडी विश्रांती झाल्यावर साडेतीनच्या सुमारास इब्राहिम रोजाकडे निघावे. हे ठिकाण जुन्या तटाबाहेर, मक्का दरवाजाच्या पलीकडे आहे. एकाच उंच चौथऱ्यावर दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, पूर्वेला कबर, पश्चिमेला मशीद आणि मध्ये हौद. कबरीची पश्चिमेकडची बाजू हौदाकडे तोंड करून असल्यामुळे चारच्या पुढे तिच्यावर तिरपे ऊन येते आणि ओवरीच्या आत, भिंतीवर कोरलेल्या नक्षीपर्यंत पोहोचते. सकाळी याच भिंती काळसर आणि सपाट वाटतात. मी एकाच गटाला दोन्ही वेळा नेऊन पाहिले आहे. सकाळी ज्यांनी दहा मिनिटांत पाठ फिरवली होती, ते संध्याकाळी तासभर रेंगाळले.

येथे मुलांना तीन गोष्टी दाखवाव्यात. पहिली, खिडक्यांच्या दगडी जाळ्या. त्या केवळ भौमितिक नाहीत. त्यांत अरबी अक्षरे आहेत आणि अक्षरांमधला दगड आरपार कोरून काढलेला आहे, त्यामुळे आत उभे राहिले की प्रकाश मजकुराच्या फटींतून येतो. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर दोन मिनिटे काहीही न करता थांबावे लागते. डोळे सरावले की अक्षरे हळूहळू उमटू लागतात. दुसरी, कबरीच्या दालनाचे छत. ते कडेने आत वळत येते आणि मध्यभागी अगदी सपाट होते. खाली खांब नाही, तुळई दिसत नाही, नुसत्या दगडी फरशा एकमेकींना आणि चुन्याला धरून अधांतरी राहिल्यासारख्या वाटतात. तिसरी, शिलालेख. त्यांत ही इमारत मलिक संदल याने उभारल्याचे आणि तिला दीड लाख होनांहून थोडा अधिक खर्च आल्याचे नोंदलेले आहे. एखाद्या इमारतीवर तिचा हिशेब कोरलेला पाहून माझ्या गटातील एक निवृत्त लेखापाल अतिशय सुखावले होते.

ही कबर मुळात राणी ताज सुलतानसाठी योजलेली होती, पण इब्राहिम आदिलशहा दुसरा तिच्याआधी गेला आणि दोघेही इथेच विसावले. हा इब्राहिम मोठा संगीतप्रेमी होता. त्याने दखनीत रचलेल्या गीतांत सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन आहे आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. आदिलशाही म्हणजे फक्त अफझलखान, अशी समजूत घेऊन आलेल्या मुलांना हे सांगितले की पुढची चर्चा आपोआप वेगळ्या वळणाने जाते. आदिलशाहीच्या महसुली कागदांत मराठी चालत होती आणि शहाजीराजांची उमेदीची बरीच वर्षे याच दरबारच्या चाकरीत गेली, हेही त्याच ओघात सांगता येते.

आजींसाठी म्हणाल तर येथे चौथऱ्यावर जाण्यापुरत्याच पायऱ्या आहेत. हात धरून त्या सावकाश चढता येतात आणि वर सावलीत निवांत बसता येते. दोन दिवसांतील त्यांचा सर्वाधिक वेळ या ठिकाणी जावा, अशी माझी सूचना आहे.

तेथून परत शहरात येताना मक्का दरवाजाजवळ ताज बावडी लागते. दोन अष्टकोनी बुरुजांमधल्या भव्य कमानीतून खाली पाण्याकडे उतरणारी ही प्रचंड विहीर पंधरा मिनिटांत पाहून होते. विजापूरच्या पाण्याची व्यवस्था हा खरे तर स्वतंत्र विषय आहे. पश्चिमेच्या तोरवीहून आणि दक्षिणेच्या बेगम तलावातून मातीच्या नळांनी, केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात आणलेले होते आणि नळ फुटू नयेत म्हणून वाटेत जागोजागी दाब कमी करणारे मनोरे बांधलेले होते. असा एखादा एकाकी चौकोनी मनोरा आजही रस्त्याच्या कडेला दिसतो आणि लोक त्याला टेहळणीचा बुरूज समजून पुढे जातात.

सूर्यास्ताच्या आधी शेरझा बुरुजावर पोहोचावे. भाषणाचा फड मारणाऱ्या वक्त्याला आपण मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो, ती मूळ तोफ येथे आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला, निजामशाहीसाठी महंमद बिन हसन रूमी याने ओतली. लांबी साधारण साडेचार मीटर, वजन ५५ टनांच्या आसपास आणि तोंड असे की मूल आत डोके घालू पाहते. तोंडाभोवती जबडा वासलेला सिंह कोरलेला असून त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे. तोफेवर औरंगजेबाने १६८६ च्या विजयानंतर स्वतःचा लेखही कोरून घेतला. परांड्याच्या किल्ल्यावरून ही तोफ १६३२ मध्ये विजापूरला आणली ती आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने. तुम्ही पुण्याचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, त्याच्या दोनच वर्षे आधी पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवला गेला, असे जे आपण शाळेत शिकतो, ते याच मुरार जगदेवाच्या हुकमाने. चौदा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला तोफेवर हात ठेवून हे सांगा. पाठ्यपुस्तकातील दोन वेगळ्या पानांवरची माणसे एकच निघाली, की इतिहासाविषयीचा कंटाळा निम्मा होतो, असा माझा अनुभव आहे.

जवळच उपली बुरूज आहे. हा १५८४ मध्ये बांधलेला, सुमारे ८० फूट उंचीचा सुटा मनोरा असून त्याला बाहेरून वळसा घालत जाणारा दगडी जिना आहे आणि माथ्यावर लांबलचक तोफ आहे. मुलांनी मोठ्या माणसाबरोबर वर जावे, आजींनी खाली थांबावे. वरून मावळतीच्या उजेडात सगळे शहर दिसते आणि पूर्वेला, दुसऱ्या दिवशी जिथे जायचे आहे तो घुमट दिसतो. गोलघुमटाचे पहिले दर्शन असे दुरून, घरांच्या गर्दीच्या वर तरंगताना व्हावे, म्हणूनही मी हा क्रम ठेवतो.

रात्रीच्या जेवणात ज्वारीची कडक भाकरी, भरले वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि दही असे साधे उत्तर कर्नाटकी ताट जिथे मिळेल तिथे खावे. या ताटासाठी सोलापूरकराला वेगळे काही सांगावे लागत नाही, पुणेकरांनी मात्र तिखटाची आधी चौकशी करावी. भाषेची अडचण येत नाही. कन्नड आणि दखनी हिंदीबरोबर मराठी समजणारेही पुष्कळ भेटतात. तरी ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ एवढा एक शब्द मुलांना शिकवून ठेवावा, रिक्षावाले आणि टांगेवाले तो ऐकून खूश होतात.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयालाच गोलघुमटापाशी असावे. कारण सौंदर्याचे नसून आवाजाचे आहे. सहलीच्या हंगामात नऊच्या पुढे शाळांच्या बसगाड्या येऊ लागतात, शेकडो मुले घुमटात शिट्ट्या मारतात आणि मग या इमारतीचे जे वैशिष्ट्य आहे तेच अनुभवता येत नाही. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात वर दहाबारा माणसे असतील तर तुम्ही नशीबवान. कोपऱ्यांतील अष्टकोनी, सातमजली मनोऱ्यांच्या आतून जिना जातो. तो अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत आणि ठिकठिकाणी अंधार आहे. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीने तो चढू नये. चढताना माणूस निभावतो, उतरताना अडकतो आणि मागून येणाऱ्या गर्दीमुळे थांबताही येत नाही. आजींनी खाली दालनात बसावे. यात त्यांचे नुकसान होते असे समजू नये, कारण घुमटाचा आकार खालूनच कळतो.

वर गच्चीवर आल्यावर लहान दारातून घुमटाच्या आत, सुमारे साडेतीन मीटर रुंदीच्या सज्जावर प्रवेश होतो. घुमटाचा आतील व्यास ३८ मीटरच्या आसपास आहे. दोघांनी समोरासमोरच्या बाजूंना जाऊन भिंतीकडे तोंड करून बसावे आणि अगदी हळू बोलावे, ओरडू नये. आवाज वळणाऱ्या भिंतीला चिकटल्यासारखा सरकत जातो आणि पलीकडच्या माणसाला कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. बोलण्यापेक्षा कागद वापरावा, असे मी सांगतो. एकाने वहीचे पान हळूहळू फाडावे. पलीकडे बसलेल्याला फाटण्याचा प्रत्येक टरका वेगवेगळा ऐकू येतो. टाळी एकदाच वाजवावी आणि तिचे प्रतिध्वनी पूर्ण विरेपर्यंत मोजावेत, दुसऱ्याची टाळी मध्ये आली नाही तर सातच्या पुढे सहज जाता येते. एका सहलीत आमच्यातील एका आजोबांनी कोणाला न सांगता पलीकडच्या बाजूला बसलेल्या पत्नीला ‘चहा घेतलास का?’ असे पुटपुटून विचारले होते. त्या बाईंनी दचकून मागे वळून पाहिले, मागे कोणीही नव्हते.

खाली उतरल्यावर घाई करू नये. आजींच्या शेजारी बसून वर पाहावे आणि हा गोल चौकोनी खोलीवर बसला कसा, हे मुलांना विचारावे. भिंतींतून उठणाऱ्या आठ कमानी एकमेकींना छेदत आतल्या बाजूला झुकतात. वरून पाहिले तर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन चौरस दिसावेत, अशी त्यांची रचना आहे. त्यांच्यामुळे चौकोनाचा अष्टकोन होतो, अष्टकोनावर वर्तुळ बसते आणि सज्जाही त्यांच्याच माथ्यावर येतो. घुमटाचे वजन भिंतींना बाहेर ढकलू पाहते, तर आत झुकलेल्या या कमानींचे वजन आत ओढते. विटा आणि चुन्याचा, बुडाशी सुमारे तीन मीटर जाडीचा हा घुमट मध्ये एकही खांब नसताना साडेतीनशेहून अधिक वर्षे उभा आहे, त्यामागे ही ओढाताण आहे. मधल्या ओट्यावर दिसतात त्या खुणेच्या कबरी असून महंमद आदिलशहा, त्याच्या राण्या आणि नातलगांच्या खऱ्या कबरी तळघरात आहेत. दक्षिण दरवाजावरच्या फार्सी लेखात तीन वाक्ये आहेत आणि प्रत्येकातील अक्षरांची संख्यामूल्ये मिळवली की हिजरी १०६७ हेच वर्ष निघते. ते १६५६ शी, महंमदाच्या मृत्यूशी जुळते.

समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असते. बाकी कोणत्याही दिवशी तासभर द्यावा. ऊन चढल्यावर आजींना बसायला ती चांगली जागा आहे.

मार्गदर्शकाबाबत माझे मत असे की गोलघुमटापाशी अधिकृत ओळखपत्र असलेला मार्गदर्शक घ्यावा, रक्कम आणि ठिकाणे आधी ठरवावीत, आणि तो सांगेल त्या गोष्टी गोष्टी म्हणूनच ऐकाव्यात. नमुना म्हणून बारा कमानचे उदाहरण देतो. काळ्या दगडाच्या उघड्या कमानींची ही रांग म्हणजे अली आदिलशहा दुसरा याची अपुरी राहिलेली कबर. ही इमारत पूर्ण झाली असती तर तिची सावली गोलघुमटावर पडली असती, म्हणून महंमदाने या आपल्या मुलाला मारले, असे तुम्हाला हमखास सांगितले जाईल. पण अली गादीवर आला तोच बापाच्या मृत्यूनंतर, १६५६ मध्ये, आणि त्यानंतर १६७२ पर्यंत त्याने राज्य केले. आदल्या रात्री या दोन तारखा मुलांना सांगून ठेवा आणि मार्गदर्शकाची गोष्ट संपल्यावर त्यांच्याकडे पाहा. वाद घालू नये, ती गोष्ट सांगणाऱ्याचे पोट त्या गोष्टींवर आहे.

न्याहारीनंतर मधले शहर पाहावे. जामा मशीद अली आदिलशहा पहिला याच्या काळात सुरू झाली. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर विजापूरच्या हाती जी संपत्ती आली, तिचे हे मोठे रूप आहे. ही नमाजाची चालती मशीद असल्याने शुक्रवारी दुपारी जाऊ नये, अंग झाकणारे कपडे असावेत आणि आत मोठ्याने बोलू नये. फरशीवर औरंगजेबाच्या काळात आखलेल्या नमाजाच्या चौकटी सुमारे २,२५० आहेत. पश्चिमेच्या भिंतीतील सोनेरी महिरप बहुधा पडद्याआड असते. तिथल्या माणसाला नम्रपणे विचारावे, तो पडदा बाजूला करतो. मग मेहतर महाल : नाव महाल, प्रत्यक्षात मशिदीचे प्रवेशद्वार. वरच्या सज्जाला आधार देणाऱ्या तिरप्या दगडी पट्ट्या लाकडाच्या असाव्यात इतक्या बारीक कोरल्या आहेत. रस्त्यावरूनच दहा मिनिटांत त्या पाहून होतात आणि आजींना गाडीतून उतरण्याचीही गरज नाही. असर महाल बाहेरून पाहिला तरी चालेल. उंच सागवानी खांबांवरची ती ओसरी आणि समोरचे तळे पुरेसे आहे.

शेवटी गगन महाल. १५६१ च्या या दरबारी इमारतीचे छत गेलेले आहे, मधली प्रचंड कमान मात्र शाबूत आहे. १६८६ च्या सप्टेंबरात शेवटचा आदिलशहा सिकंदर, वयाने जेमतेम अठरा वर्षांचा, याच ठिकाणी औरंगजेबापुढे शरण आला, अशी परंपरा आहे. आज कमानीखाली बाग आहे. बाके आहेत, मुले खेळू शकतात. मी येथे सांगण्यापेक्षा बसायला जास्त वेळ देतो.

राहिला प्रश्न साठ कबरचा, कारण मराठी पर्यटक तो विचारतोच. शहराबाहेर एका ओट्यावर साठाहून अधिक कबरी ओळीने आहेत. प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी अफझलखानाने आपल्या बायकांना मारले, अशी कथा त्यांच्याशी जोडली जाते. समकालीन कागदांतून ती सिद्ध होत नाही. शोधत जावे लागते, वाट खडबडीत आहे आणि नऊ वर्षांच्या मुलाला ती कथा सांगायची का, हे आधी ठरवावे लागते. तुमच्या दोन दिवसांच्या आखणीत मी ते ठिकाण घेतलेले नाही. त्याऐवजी दुपारी दोनच्या आत जेवून निघालात तर सोलापूरच्या पुढचा बराचसा रस्ता उजेडात संपेल आणि रात्री दहाच्या आत घरी पोहोचाल.